पाकीट आणि मार्ग : मरोळच्या निमित्ताने दूरसंचारातील एका संक्रमणाचा विचार

१

एखाद्या नव्या यंत्रविद्येचे नामकरण करताना तिच्या जनकाने भाषेच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, असे प्रसंग यंत्रविद्येच्या इतिहासात विरळाच आढळतात. इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ डॉनल्ड डेव्हिस ह्यांनी १९६५ च्या अखेरीस संगणकांमधील संदेशवहनाची एक नवी रीत कल्पिली. लांब संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि ते तुकडे जाळ्यातून स्वतंत्रपणे पुढे धाडावेत, अशी ही रीत होती. ह्या तुकड्याला डेव्हिस ह्यांनी 'पॅकेट' असे नाव योजिले. मात्र ते मुक्रर करण्यापूर्वी ह्या शब्दाचे सगोत्र अन्य भाषांत आहेत किंवा नाहीत, ह्याची त्यांनी आपल्या संस्थेतील एका भाषाविदाकडून खात्री करून घेतली. फ्रेंचमध्ये 'पाके', जर्मनमध्ये 'पाकेट', इटालियनमध्ये 'पाकेत्तो' अशी रूपे उपलब्ध असल्यामुळे शब्द टिकला आणि 'पॅकेट स्विचिंग' ही संज्ञा रूढ झाली.

मराठीपुरते पाहिल्यास हा शब्द आपल्याकडे दोनदा आला आहे. प्रथम तो 'पाकीट' ह्या रूपाने आला, नपुंसकलिंगी झाला, 'पाकिटात', 'पाकिटाला' अशी सामान्यरूपे घेऊ लागला आणि पत्राचे वेष्टन व पैसे ठेवण्याची घडी ह्या दोन अर्थांत स्थिरावला. पुढे तोच शब्द 'पॅकेट' ह्या उच्चाराने पुन्हा आला आणि दुकानातील बांधीव मालाला व संगणकाच्या जाळ्यातील तुकड्याला लागू झाला. एकाच मूळ शब्दाची अशी जोडरूपे अर्थ वाटून घेतात, हा भाषाशास्त्राचा परिचित अनुभव होय. परंतु येथे झालेली वाटणी विचारात पाडणारी आहे. बाहेर पत्ता व आत मजकूर, ही जाळ्यातील तुकड्याची रचना पोस्टाच्या पाकिटाशी तंतोतंत जुळते. शिवाय एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठविता येते, हा त्या यंत्रविद्येतील सर्वांत महत्त्वाचा विशेषही 'पाकीट' ह्या शब्दातच सहज सामावतो. म्हणून प्रस्तुत निबंधात ह्या पद्धतीला 'पाकीटपद्धती' असेच म्हटले आहे. मुंबईत, विशेषतः मरोळसारख्या उपनगरी औद्योगिक वस्तीच्या संदर्भात, ही पद्धती कोणत्या गरजेतून आली, तिच्या कोणत्या दोन संप्रदायांत येथे निवड करावी लागली आणि त्या निवडीने काय साधले, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

पाकीटपद्धतीचे नावीन्य कळण्यासाठी तिच्या पूर्वीच्या दोन रीती ध्यानी घेतल्या पाहिजेत. पहिली टप्प्याटप्प्याने पुढे देण्याची. 'डाक' ह्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी टप्प्यांवर बदलणाऱ्या माणसांची किंवा घोड्यांची साखळी असा आहे. तारेच्या जाळ्यातही हीच रीत होती. एका केंद्रावर तार उतरवून घ्यावयाची, तेथे ती क्षणभर वा तासभर थांबावयाची आणि पुढील तार मोकळी होताच पुढे जावयाची. १८७० मध्ये सुएझ, एडन व मुंबई ह्यांना जोडणारी समुद्री तार पडली, तेव्हापासून मुंबई हे अशा साखळीचे मोठे ठाणे झाले. १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांनी ही साखळी आकाशमार्गे लंडनशी जोडली. १९४७ मध्ये हा सर्व व्यवहार सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आला आणि १ एप्रिल १९८६ रोजी त्याचे विदेश संचार निगम झाले.

दुसरी रीत दूरध्वनीची. हिच्यात बोलणे सुरू होण्यापूर्वी दोन टोकांमध्ये एक अखंड मार्ग राखून ठेवावा लागतो. बोलणारे गप्प बसले तरी तो मार्ग त्यांचाच असतो. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात नारायणगावानजीक आर्वी येथे उपग्रह-भूकेंद्र सुरू झाल्यावर परदेशी दूरध्वनीचे असे मार्ग वाढले, पण मार्ग राखून ठेवण्याचे तत्त्व तेच राहिले.

संगणकाच्या संभाषणाला ह्या दोन्ही रीती गैरसोयीच्या ठरल्या. दूरच्या संगणकापुढे बसलेला मनुष्य एक ओळ टंकित करतो आणि मग विचार करीत राहतो. सेकंदास ९,६०० बिट वाहणाऱ्या रेषेवरून ८० अक्षरांची ओळ सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात निघून जाते. तो दहा सेकंदांनी पुढील ओळ लिहीत असेल, तर राखून ठेवलेल्या मार्गाचा शंभरातील एक हिस्सादेखील कामी येत नाही. उलटपक्षी, तारेप्रमाणे संपूर्ण संदेश प्रत्येक ठाण्यावर उतरवून घ्यावयाचा म्हटले, तर एका लांब संदेशामागे शेकडो आखूड संदेश खोळंबतात. पाकीटपद्धतीने पहिल्या रीतीतील टप्पे ठेवले आणि तुकडा मात्र लहान व ठरीव मापाचा केला. त्यामुळे अनेकांचे तुकडे एकाच रेषेवरून एकाआड एक जाऊ लागले. अमेरिकेत पॉल बॅरन ह्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जवळजवळ हीच कल्पना युद्धात तुटूनही न कोसळणाऱ्या जाळ्यासाठी मांडली होती. डेव्हिस ह्यांचा हेतू निराळा होता. महागड्या संगणकाचा वेळ अनेकांनी वाटून घ्यावा, हा तो हेतू होय. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटचा पहिला संदेश कॅलिफोर्नियातील दोन संस्थांमध्ये गेला आणि कल्पनेला देह मिळाला.

३

ह्याच सुमारास मुंबईच्या उत्तरेस साष्टीतील मरोळ व कोंडिवटे ह्या गावांच्या भूमीवर निराळाच बदल घडत होता. येथील लोकवस्ती जुनी. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले संत जॉन बाप्तिस्ता ह्यांचे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि त्याचा समाज मरोळला गेला. चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत, आणि ते उभे आहेत एका निर्यातक्षेत्राच्या कुंपणाच्या आत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व पुढे मरोळ येथे औद्योगिक वसाहत आली. तिच्याच परिसरात सुमारे शंभर एकरांवर १ मे १९७३ रोजी 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन' म्हणजेच सीप्झ हे क्षेत्र स्थापन झाले. नावात सांताक्रूझ असले तरी ते त्या उपनगरात नाही. विमानतळाच्या तत्कालीन परिचित नावावरून ते पडले. ह्या नावातच क्षेत्राच्या स्थापनेचे गमक आहे. कांडला येथील १९६५ च्या क्षेत्राला बंदर जवळचे होते. सीप्झला विमान जवळचे होते. येथून निघणारा माल हलका, मौल्यवान आणि विमानाने जाणारा असावा, अशी अपेक्षा होती.

संगणकाच्या आज्ञावली हा अशा मालांतील सर्वांत हलका माल. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा बरोज आणि १९८५ मध्ये सिटिकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर ह्या संस्थांनी सीप्झमध्ये काम आरंभिले. परंतु हा हलका माल परदेशी पोहोचवावयाचा कसा, हा प्रश्न सोपा नव्हता. त्याची उत्तरे दोन होती. एक, चुंबकीय फितीवर आज्ञावली उतरवून ती फीत जकातीतून सोडवून विमानाने पाठवावयाची. दुसरे, आज्ञावली लिहिणाऱ्या माणसालाच विमानाने पाठवावयाचे. १९८० च्या दशकात भारतीय सॉफ्टवेअर-निर्यातीचे बहुतेक काम दुसऱ्या मार्गाने होत असे, आणि व्यवसायातील लोक त्याला 'बॉडी शॉपिंग' ह्या रोखठोक नावाने ओळखत. निर्यातक्षेत्र मरोळला, पण श्रम अमेरिकेतील ग्राहकाच्या दारी, असा हा विरोधाभास होता.

तार वा दूरध्वनीची रेषा असताना फितीची गरज का भासावी, ह्याचे उत्तर गणिताने मिळते. २,४०० फूट लांबीच्या आणि इंचाला १,६०० बाइट नोंदविणाऱ्या फितीवर, मधली रिकामी जागा सोडून दिली तर, सुमारे ४ कोटी ६० लक्ष बाइट मावतात. ९,६०० बिटांच्या रेषेवरून एवढा मजकूर नेण्यास १० तास ४० मिनिटे लागतील, आणि एवढा वेळ परदेशी रेषा निर्दोष चालावी लागेल. ६४,००० बिटांच्या रेषेवरून मात्र तेच काम ९६ मिनिटांत होते. ह्यावरून असे दिसते, की मोठा मजकूर एकदाच धाडावयाचा असेल तोपर्यंत विमानातील फीत हीच उत्तम वाहिनी होती. परंतु चूक सापडली, दुरुस्ती केली, पुन्हा चालवून पाहिली, असे दिवसातून शंभर वेळा होणारे संभाषण फितीने होणे शक्य नव्हते. माणसाला जावे लागे ते ह्या संभाषणासाठी. म्हणजे मरोळच्या दृष्टीने पाकीटपद्धतीचा प्रश्न वेगाचा तितकासा नव्हता. काम कोठे बसून करावयाचे, घर सोडावयाचे की नाही, हा तो प्रश्न होता.

४

येथे पाकीटपद्धतीतील दोन संप्रदायांचा विचार प्राप्त होतो. पहिला संप्रदाय दूरध्वनी व तार खात्यांचा. ह्या खात्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९७६ मध्ये 'एक्स.२५' नावाचे प्रमाण संमत केले. त्यात पाकिटे असतातच, पण ती निघण्यापूर्वी दोन टोकांमध्ये एक कल्पित मार्ग मांडला जातो. त्या मार्गाला क्रमांक मिळतो, पाकिटे ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने पोहोचतात आणि वाटेत एखादे बिघडले तर त्या त्या टप्प्यावरच ते पुन्हा मागविले जाते. जबाबदारी जाळ्याची, म्हणजे पर्यायाने खात्याची. ह्या जाळ्यांतील पत्त्यांचे पहिले तीन अंक देशाचे असत, आणि भारताच्या वाट्याला ४०४ हा अंक आला. आज भारतातील कित्येक भ्रमणध्वनी-ग्राहकांच्या आंतरिक क्रमांकाचा आरंभ ह्याच तीन अंकांनी होतो. एक्स.२५ ची जाळी मागे पडली, तरी तिच्या काळातील ही खूण टिकून राहिली आहे.

दुसरा संप्रदाय सुट्या पाकिटांचा. फ्रान्समध्ये लुई पूझँ ह्यांनी १९७० च्या दशकात 'सिक्लाद' ह्या जाळ्यात प्रत्येक पाकिटाला मोकळे सोडले. ते कोणत्याही वाटेने जावे, मागेपुढे पोहोचावे, प्रसंगी हरवावेही. क्रम लावणे आणि हरवलेले पुन्हा मागविणे हे काम दोन टोकांच्या संगणकांनी करावे, असे हे तत्त्व. अशा सुट्या पाकिटाला 'डेटाग्राम' असे नाव पडले. 'डेटा' आणि 'टेलिग्राम' ह्यांच्या जोडणीतून ते बनले असून तारेचा वारसा त्यात उघड दिसतो. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान ह्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेचा पाया हाच होता, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ती संपूर्णपणे स्वीकारली.

हा मतभेद केवळ अभियंत्यांचा नव्हता. ज्या जाळ्यात मार्ग जाळे मांडते, तेथे किती काळ मार्ग घेतला आणि ६४ बाइटांचे किती खंड नेले हे मोजून आकार लावणे जाळ्याच्या मालकास सोपे जाते. तसेच कोण कोणाशी बोलतो हेही त्याला ठाऊक असते. ज्या जाळ्यात शहाणपण टोकांकडे असते, तेथे जाळ्याचा मालक केवळ हमाल उरतो. सरकारी मक्तेदारी असलेल्या देशांतील खात्यांना पहिला संप्रदाय मानवला, ह्यात नवल नाही. परंतु त्याला केवळ मक्तेदारीचे हत्यार ठरविणेही अन्यायाचे होईल. ज्या देशात दूरध्वनीच्या रेषा खरखरीत व बेभरवशाच्या होत्या, तेथे प्रत्येक टप्प्यावर चूक दुरुस्त करणारे जाळे ही चैन नसून गरज होती.

५

मुंबईत ह्या दोन्ही संप्रदायांची वस्ती काही काळ शेजारी शेजारी झाली. पहिल्या संप्रदायाची जाळी संख्येने अधिक होती. दूरसंचार खात्याचे 'आयनेट' आणि विदेश संचार निगमाची परदेशी जाळ्यांना जोडणारी पाकीटसेवा ही दोन्ही १९९० च्या दशकात एक्स.२५ वर चालत. रिझर्व्ह बँक व सार्वजनिक क्षेत्रातील बँका ह्यांनी १९९१ मध्ये उभारलेले 'बँकनेट' हेही ह्याच जातीचे. सर्वांत बोधप्रद उदाहरण राष्ट्रीय शेअर बाजाराचे. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी ह्या बाजाराने समभागांची खरेदीविक्री सुरू केली, ती दलालांच्या आरोळ्यांनी भरलेल्या कठड्याशिवाय. देशभरातील दलालांच्या कचेऱ्यांवर लहान उपग्रह-तबकड्या बसल्या आणि एक्स.२५ ची पाकिटे सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन मुंबईच्या संगणकात उतरू लागली. ह्या बाजाराचा नियम असा, की आधी भाव पाहावयाचा आणि भाव समान असेल तर आधी आलेल्यास आधी द्यावयाचे. क्रम हाच जेथे न्याय आहे, तेथे क्रम सांभाळणारे जाळे निवडले जावे हे सयुक्तिकच होते. शिवाय नागपूरचा दलाल आणि फोर्टातील दलाल दोघांनाही त्याच उंचीवरून यावे लागे. मुंबईत असण्याचा जुना लाभ ह्या रचनेने पुष्कळ अंशी पुसून टाकला.

दुसऱ्या संप्रदायाचे बीज शिक्षणसंस्थांत पडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ मध्ये स्वायत्त झालेले जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, त्याचे संचालक श्रीनिवासन रमणी, पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि देशातील अन्य संस्था ह्यांचे 'एर्नेट' हे जाळे १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने आरंभिले. आरंभी १९८६-८७ च्या सुमारास जुहू व पवई ह्यांच्यामध्ये साध्या दूरध्वनीवरून इलेक्ट्रॉनिक पत्रे जात. नकाशावर ह्या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती मरोळ-सीप्झच्या अंगावरूनच जाते. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई ह्यांच्यामध्ये ९,६०० बिटांची भाड्याची रेषा आली, आणि १९९२ मध्ये जुहूहून अमेरिकेकडे ६४,००० बिटांचा दुवा सुरू झाला. एर्नेटने आपल्या कण्यावर दोन्ही कुळांच्या प्रणाली एकत्र नांदविल्या. १९९५ च्या सुमारास मात्र जवळजवळ सर्व वाहतूक सुट्या पाकिटांच्या प्रणालीवर आली. कोणत्याही समितीने तसा निकाल दिला नव्हता. वापरणाऱ्यांनी जे सोपे, फुकट उपलब्ध व जगाशी जोडणारे होते ते उचलले, एवढेच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुले केले, तेव्हा पहिल्या संप्रदायाचा सर्वांत मोठा भारतीय पुरस्कर्ताच दुसऱ्याच्या सेवेस लागला असे म्हणावयास हरकत नाही.

सीप्झच्या दृष्टीने १९८६ चे सॉफ्टवेअर-धोरण आणि १९९० च्या दशकातील ६४,००० बिटांचे भाड्याचे दुवे ह्यांनी संभाषणाचा प्रश्न सोडविला. पूर्वी ज्यासाठी माणूस जात असे, त्यासाठी आता पाकिटे जाऊ लागली. परदेशगमन थांबले नाही, परंतु ते सक्तीचे उरले नाही. त्याची किंमतही होती. अमेरिकेचा दिवस हा मरोळची रात्र झाला, आणि घड्याळाचा जो जाच पूर्वी परदेशात गेलेल्या एकट्याने सोसला, तो आता येथल्या घरांच्या वाट्यास आला. अंतर नष्ट झाले असे म्हणतात ते अर्धसत्य होय. अंतराचा भार नकाशावरून घड्याळावर सरकला, हे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

६

भाषेच्या अभ्यासकास ह्या इतिहासात आणखी एक प्रश्न पाहावा लागतो. पाकीट बाइट मोजते. अक्षर त्याला ठाऊक नसते. एक्स.२५ च्या नेहमीच्या पाकिटात मजकुरासाठी १२८ बाइट असत. १९९१ च्या भारतीय प्रमाणानुसार, म्हणजे 'इस्की' संकेतानुसार, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसते; तेव्हा 'मरोळ' हा शब्द चार बाइटांत मावे, आणि इंग्रजीइतकीच देवनागरी चिन्हे एका पाकिटात जात. दुर्दैवाने हा संकेत आणि त्याला वाहण्यास समर्थ असे जाळे ह्यांची गाठ फारशी पडली नाही. इंटरनेटवरील टपालाचा १९८२ चा मूळ नियम सात बिटांच्या अक्षरांपुरताच होता. इस्कीला आठ बिट लागत. परिणामी १९९० च्या दशकात मराठी माणसांनी एकमेकांस लिहिलेली इलेक्ट्रॉनिक पत्रे पुष्कळशी रोमन लिपीतच गेली. १९४९ पासून देवनागरीत तार करण्याची सोय झालेली असताना, नव्या साधनावर लिपीला पुन्हा दाराबाहेर थांबावे लागले.

आजचा 'युटीएफ-८' हा संकेत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट देतो. त्यानुसार 'मरोळ' बारा बाइटांचा आणि 'पाकीट' पंधरा बाइटांचा होतो. जुन्या १२८ बाइटांच्या पाकिटात अशी ४२ चिन्हे मावून दोन बाइट उरतील. म्हणजे ४३ व्या चिन्हाचे दोन अंश एका पाकिटात आणि तिसरा पुढील पाकिटात जाईल. आजची पाकिटे मोठी असली तरी हा प्रकार नित्य घडतच असतो. अक्षर वाटेत दुभंगते आणि टोकाला पुन्हा सांधले जाते. जाळ्याने अक्षर जपावे अशी अपेक्षा दुसऱ्या संप्रदायात नाही. सांधण्याचा भार टोकावर आहे. ह्या तत्त्वाचा लाभ असा, की नवी लिपी आणावयाची तर जाळ्याच्या मालकाची परवानगी लागत नाही, दोन टोकांचे एकमत पुरे होते. एखाद्या खात्याने मंजुरी देईपर्यंत मराठीला आता थांबावे लागत नाही, ते ह्यामुळे.

एक्स.२५ ची सार्वजनिक जाळी आता इतिहासजमा झाली आहेत. फ्रान्सचे ट्रान्सपॅक ३० जून २०१२ रोजी बंद झाले, शेअर बाजाराचे जाळेही यथावकाश इंटरनेटच्या प्रणालीवर आले, आणि विदेश संचार निगमाचे नियंत्रण २००२ मध्ये सरकारकडून टाटा समूहाकडे गेले. तथापि पहिल्या संप्रदायाने उभा केलेला प्रश्न मिटलेला नाही. जबाबदारी कोणाची, वाहणाऱ्याची की बोलणाऱ्याची, ह्याचे उत्तर दुसऱ्या संप्रदायाने बोलणाऱ्याच्या पदरात टाकले. त्यातून स्वातंत्र्य लाभले, आणि चूक निस्तरण्याचे कामही आपलेच झाले. मरोळच्या इतिहासात ही दोन्ही फळे दिसतात. मराठीने ह्या यंत्रविद्येसाठी परिभाषा घडवावयाची असेल, तर तिने हा भेद सांगणारे शब्द प्रथम निवडले पाहिजेत. त्यासाठी 'पाकीट' हा शब्द नव्याने बनवावा लागणार नाही. तो पूर्वीच आपल्या घरी येऊन मराठी झालेला आहे. त्याचा वापर तेवढा करावयाचा आहे.